उन्हाच्या पट्ट्यात लॉन कशाला?

पुण्यात सोसायटीच्या कंपाउंडलगत उन्हाचा एखादा पट्टा असतोच. तिथं हौसेनं लॉन टाकतात. मग मे महिन्यात खडकवासला साखळीतला साठा खाली गेला, पाणीकपात आली, की ते पिवळं पडतं. तिथं लॉनऐवजी ‘ब्ल्यू डेझ’ लावा.

काही नर्सरीवाले याला इव्हॉल्व्ह्युलस म्हणतात. मूळचं ब्राझीलकडचं हे झुडूप जेमतेम वीतभर उंच होतं, पण दोन-तीन फूट पसरून जमीन झाकतं. पानांवर रुपेरी लव आणि निळी फुलं. एक फूल एकाच दिवसाचं. सकाळी उमलतं, दुपार कलताना मिटतं, ढगाळ दिवशी नीट उघडतही नाही. रोज सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर याचा नाद सोडा. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर फुलं बघायची असतील, तरीही.

आपल्याकडची विष्णुक्रांता याचीच सख्खी बहीण. तिची निळी फुलं अगदी चिमुकली, आणि ती उघड्या मुरमाड माळावर मजेत वाढते. या झुडपालाही अशीच पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. (टेकडीवरची विष्णुक्रांता मात्र उपटून आणू नका.)

खरी अडचण आपल्या काळ्या मातीची. पावसाळ्यात तिच्यात पाणी धरून राहतं आणि मुळं कुजतात. उन्हात नव्हे, ऑगस्टमध्ये झाड मरतं ते यामुळे. म्हणून वाफा वीतभर उंच करा आणि मातीत भरपूर बारीक मुरूम किंवा जाड वाळू मिसळा. शेणखत रोपामागे मूठभर पुरे, जास्त दिलंत तर नुसता पाला माजेल. जमीन हलकी असेल तर जूनमध्ये लावा, काळी असेल तर पाऊस ओसरू द्या. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. मूळ धरेपर्यंत नियमित पाणी द्या. पुढे बोटभर खोल माती कोरडी लागली, तरच.

फुलं नव्या शेंड्यांवर येतात, त्यामुळे फेब्रुवारीत निर्धास्त छाटणी करा. छाटलेले कोवळे शेंडे ओलसर वाळूत खोचले की त्यांची रोपं होतात, पुढच्या वर्षी विकत घ्यायला नको.

त्याच पट्ट्यात पिवळ्या फुलांची वेडेलिया सुचवणारे भेटतील. ती फुकट मिळते, कुठंही फोफावते, म्हणूनच नको. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे, आणि आपल्या टेकड्या व्यापणारी घाणेरीही. टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तर ती दारातही आणू नये.

रोपं एम्प्रेस गार्डनच्या नर्सरीत किंवा उरुळी कांचनच्या बाजूला शोधा. सकाळी जा, दुपारी फुलं मिटलेली असतात आणि रंग कळत नाही. फुलांनी भरलेल्या लांबलचक रोपापेक्षा बुडापासून फुटलेलं बुटकं रोप निवडा.