आधी काम सांगा, मग टॅब

साकोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं विचारतात, ‘कामासाठी कोणता टॅब घेऊ?’ उत्तरं येतात रॅमची, स्क्रीनची, बॅटरीची. काम कोणतं, हे कोणीच विचारत नाही.

लिपिक-टंकलेखक व्हायचंय? मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिटाचं टायपिंग प्रमाणपत्र लागतं. काचेवर बोटं आपटून तो हात बसत नाही. कोडिंग शिकायचंय? आयफोन-आयपॅडची ॲपं ज्या एक्सकोडमध्ये बनतात, ते एक्सकोड आयपॅडवर चालत नाही. त्याला मॅकच लागतो. जाहिरातीत टॅबला कॉम्प्युटर म्हणायचं आणि खरं काम दुसऱ्याच यंत्रावर करायचं, असा हा धंदा आहे.

टॅब वाईट नाही. नागपूरची महाज्योती जेईई-नीटची तयारी करणाऱ्यांना टॅब आणि डेटा देते, ते योग्यच आहे. तिथे काम ठरलेलं आहे: वर्ग बघा, प्रश्न सोडवा. पेनाने चित्रं काढायची, पीडीएफवर खुणा करायच्या, गणित शिकवायचं, तर पेनवाला टॅब लॅपटॉपपेक्षा सरस.

पण रिपोर्ट, एक्सेल, कोड, अर्ज लिहायचे असतील तर त्याच पैशात जुना, धडका लॅपटॉप शोधा. टॅबला कीबोर्ड, पेन, कव्हर जोडत गेलात की बिल लॅपटॉपएवढंच होतं आणि सॉफ्टवेअर मोबाइलचंच राहतं.

आपल्या भागात हा पैसा बरेचदा धान विकून आलेला असतो. तो ‘बघण्याच्या’ यंत्रावर घालवून त्याला ‘कामाचं’ म्हणू नका.