ताकदीची सुई : औषध कोणाला, अपाय कोणाला?

यात्रा-जत्रांचा हंगाम आला की तालमीत गर्दी वाढते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरेही पहाटे सडकेवर धावू लागतात. अशा वेळी कोणी तरी कानाशी लागून सांगते, "चार सुया टोचून घे, दोन महिन्यांत अंग भरेल." ही सुई आहे तरी काय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि मायबहिणींनीही समजून घ्यावे.

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते. दाढीमिशा, भारदस्त आवाज, पिळदार स्नायू ही त्याची किमया. १९३५ साली ते प्रयोगशाळेत बनवता आले. पुढे त्यात फेरफार करून जी औषधे निघाली, त्यांना ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणतात. नँड्रोलोन हे त्यांपैकी एक. ते तेलात मिसळून स्नायूत खोल टोचतात. तिथून ते सावकाश रक्तात उतरते. म्हणून एका सुईचा अंमल काही आठवडे टिकतो, आणि अपाय झाला तर तोही लगेच थांबत नाही.

हे औषध मुळात वाईट नव्हे. मूत्रपिंड निकामी झाल्याने रक्त कमी पडलेला रोगी, पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ झालेली बाई, मोठ्या दुखण्याने खंगलेला माणूस यांना डॉक्टर ते तपासण्या करून देत आले आहेत. आता त्याहून बरी औषधे निघाल्याने त्याचा वापर कमी झाला आहे.

धडधाकट पोराने मात्र ते घेतले तर काय होते? बाहेरून मिळते म्हटल्यावर शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे सोडून देते. अंडकोष आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, छातीवर गाठी येतात. लग्न झाल्यावर मूल होत नाही, आणि बोल मात्र सुनेला लागतो! रक्त घट्ट होते, रक्तदाब चढतो, हृदयाचा स्नायू बिघडतो. ऐन तारुण्यात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. याच जातीच्या गोळ्या यकृतावर घाला घालतात. कावीळ होते, गाठीही होतात. स्वभाव तापट होतो आणि औषध सुटले की मन खचते.

बाईमाणसाचा आवाज घोगरा होतो, तो पुन्हा पूर्वीसारखा होईलच असे नाही. गरोदरपणी तर हे औषध पूर्ण वर्ज्य, कारण पोटातल्या मुलीच्या अवयवांवर परिणाम होतो. वाढत्या मुलाची हाडे वेळेआधीच पक्की होतात आणि उंची खुंटते. म्हणजे भरतीसाठी घेतलेली सुईच त्याला भरतीतून बाद करायची!

खेळातही हे लपत नाही. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला. पण लघवीच्या तपासणीत स्टॅनोझोलॉल हे याच जातीचे औषध सापडले आणि त्याचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. नँड्रोलोनचा माग तर कित्येक महिन्यांनीही लागतो.

एक घोटाळा मात्र करू नका. दमा, संधिवात अशा आजारांवर डॉक्टर जे स्टेरॉइड देतात ते निराळे. त्याने अंग कमावले जात नाही. 'स्टेरॉइड' हा शब्द ऐकून घाबरून ते एकाएकी बंद केले, तर जिवावर बेतू शकते.

गव्हाला युरिया जास्त झाला की पीक हिरवेगार दिसते, पण वाऱ्याच्या एका झोताने लोळते. सुईने आलेले अंग तसेच. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी, नियमाने मेहनत आणि पुरेशी झोप, यांना वेळ लागतो. पण त्याने आलेले अंग टिकते.

हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. चोरून मिळालेल्या बाटलीत काय असेल, कोण सांगणार? एकच सुई चौघांनी वापरली तर यकृताची कावीळ आणि एड्सची लागण होऊ शकते. पोरगा अशी सुई घेत असेल तर मारझोड करू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या आणि काय घेतले, किती घेतले, ते सारे खरे सांगू द्या. डोळे पिवळे झाले, पायाला सूज आली, छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.