वाढणारें कोणी नसलेली पंगत

मोठ्या हॉटेलांतून रविवारीं सकाळीं अकरापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत 'ब्रंच' नांवाचें जेवण चालतें. तें धड न्याहारी नव्हे, धड मध्याह्नभोजनहि नव्हे. गाय बेरिंजर नामक इंग्रज लेखकानें १८९५ सालीं एका लेखांत त्याचा पुरस्कार केला. शनिवारीं रात्रीं जागणाऱ्यांस दुसऱ्या दिवशीं उशिरां उठण्याची सोय व्हावी, हा त्याचा हेतु. 'ब्रेकफास्ट' व 'लंच' यांची ही काटछाट संधीच्या कोणत्याच सूत्रांत बसणार नाहीं. पण तें असो.

नुकतेच आम्ही लहानथोर अकरा जण अशा एका जेवणास जाऊन आलों. लांबच लांब मेजांवर इटली, जपान, थायलंड, लेबनॉन असे देश मांडलेले; ताटली घेऊन आपणच फिरावें. लेबनॉनचें हमस म्हणजे उकडलेले काबुली चणे, तिळाचें वाटण, लसूण व लिंबू, हें आमच्या वहिनींनीं एका घासांत ओळखलें. इटलीच्या रिझोटोस धाकट्या नातवानें 'मेतकूट विसरलेला मऊ भात' ठरविलें.

शाकाहारी कुटुंबानें मात्र डोळे उघडे ठेवावे. थाई कालवणाच्या मसाल्यांत बहुधा आंबविलेल्या कोळंबीचें वाटण असतें. जपानी मिसो सुपाचें पाणी बहुतेक माशाच्या अर्काचें. इटलीच्या अस्सल पार्मेझान चीजास वासराच्या जठरांतील विरजण लागतें. आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थांत पुष्कळदां प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून काढलेलें जिलेटिन असतें. पदार्थापुढील चिठ्ठीवर न विसंबतां आचाऱ्यास विचारावें. आम्ही विचारलें, त्यानें दोन पदार्थ घेऊं नका म्हणून स्वच्छ सांगितलें.

आमच्या पानांत मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. येथें एकाच ताटलींत जपान आणि इटली यांचा काला झालेला पाहून जीव कासावीस होतो. 'आणखी एक घ्याच' असें म्हणणारें कोणी नाहीं. शेजारच्या मेजावरून अर्ध्या भरलेल्या ताटल्या उचलल्या जात होत्या. अन्नाची निंदा न करण्याचें व्रत तैत्तिरीय उपनिषदांत सांगितलें आहे. चव पाहून टाकून देणें ही निंदेचीच एक रीत, असें आम्हांस वाटतें. एका वेळीं एकच देश, तोहि थोडा, हा नियम मुलांस घालून दिला व त्यांनीं तो बव्हंशीं पाळला.

परंतु एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. पुरुष व मुलें आधीं, वाढणाऱ्या बायका मागाहून, ही आमच्या घरची चाल. गेलीं चाळीस वर्षें वहिनी निवालेल्या आमटीशीं जेवत आल्या. येथें वाढणारें कोणी नव्हतें, म्हणून त्या पहिल्या पंक्तीस बसल्या. चार वेळां उठल्या. चारहि वेळां स्वतःकरितां. आमच्या ताटलींत काय आहे, काय संपलें, इकडे त्यांनीं एकदांहि पाहिलें नाहीं.

पुढच्या रविवारीं घरीं धाकट्या सुनेनें सारीं भांडीं मेजाच्या मध्यें ठेविलीं आणि सर्वांचीं पानें एकदमच मांडलीं. वहिनी सवयीनें उभ्याच राहिल्या. त्यांच्या हातचा आमटीचा डाव आम्ही घेतला, तेव्हां कोठें त्या बसल्या.