जुनी सायकल : आधी तपासणी, मग स्वारी



गेल्या अंकात आपण ज्येष्ठांच्या घरातल्या घरात पडण्याविषयी बोललो. त्यानंतर आलेल्या पत्रांत एका सूनबाईंचे पत्र आहे. सासऱ्यांचे वय चौऱ्याहत्तर. नोकरीच्या पहिल्या वर्षात घेतलेली सायकल त्यांनी माळ्यावरून खाली उतरवली असून ती स्वतः दुरुस्त करून पुन्हा चालवायची, असे त्यांनी मनावर घेतले आहे. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. नातू म्हणतो, आजोबांना शिकवू द्या. सासूबाई काहीच बोलत नाहीत. ‘डॉक्टर, आम्ही कोणाची बाजू घ्यावी?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न एकाच घरचा नाही. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. पण सोलापूर, सांगली, नाशिक, अमरावती, कोणत्याही गावी आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीचे तारुण्य सायकलवरच गेले आहे. नॉटिंगहॅमची रॅले किंवा बर्मिंगहॅमची हर्क्युलिस घरात असणे ही त्या काळी प्रतिष्ठेची बाब होती. पुढे १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो असे कारखाने निघाले आणि सायकल सामान्यांच्या आवाक्यात आली. मडगार्डवरचा नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसल्यास होणारा दंड, डबलसीटची चोरटी स्वारी या गोष्टी ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना ती सायकल भंगार वाटत नाही. घरातील माणसांनी हे आधी समजून घ्यावे.

मात्र सायकलीवरचे प्रेम हा काही तिच्या सुरक्षिततेचा दाखला नव्हे. माझ्या एका रुग्णाचे उदाहरण सांगतो. वय एकाहत्तर, रक्तदाब आटोक्यात, रोज चालण्याची सवय. त्यांनी आपली तीन गिअरची जुनी इंग्रजी सायकल एका दुकानातून नवीकोरी करून आणली. रंग चकाकत होता, सोनेरी रेघाही पुन्हा ओढल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर उभे राहून पायडल मारताना पाय एकाएकी रिकामा फिरला, ते उजव्या कुशीवर पडले आणि मांडीच्या हाडाची मान मोडली. शस्त्रक्रिया झाली, ते घरी आले. पण पुढचे सहा महिने वॉकरच्या आधाराने गेले आणि पूर्वीची चाल काही परत आली नाही. त्या जातीच्या गिअरची तार नीट जुळवलेली नसेल, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये अशी एक जागा येते की पायडल फिरते, पण चाकाला जोर लागत नाही. हा दोष माहीतगार कारागिराला काही मिनिटांत दूर करता येतो. रंग लावणाऱ्याने तो पाहिलाच नव्हता.

म्हणून सूनबाईंना आणि आपणां सर्वांना माझे सांगणे असे की, ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी दोन तपासण्या करा. एक सायकलीची आणि दुसरी स्वाराची.

सायकलीची तपासणी

आपल्या जुन्या वैद्यकात रुग्णपरीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. सायकलीलाही ते लागू पडतात.

प्रथम प्रश्न. ही सायकल किती वर्षे बंद होती? कोठे ठेवली होती, कोरड्या माळ्यावर की गळक्या पडवीत? कधी समोरून धडकली होती का? तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चर हबवर बहुधा निर्मितीच्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. त्यावरून निदान त्या चाकाचे वय कळते.

मग दर्शन. सायकल उजेडात घ्या, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि भिंग घेऊन बसा. पुढच्या चिमट्याच्या नळीमागे, जेथे वरचा आणि खालचा दांडा येऊन मिळतात, तेथे रंगाला सुरकुत्या पडल्या आहेत का ते पाहा. अशा सुरकुत्या म्हणजे पूर्वी बसलेल्या जबर धडकेची खूण. आतील लोखंड वाकलेले असते. चिमट्याच्या दोन्ही पायांची रेषा बाजूने पाहून जुळते का, तेही बघा. सांध्याजवळ केसासारखी बारीक रेघ आणि तिच्यातून झिरपलेला गंज दिसला, तर तो भाग वापरू नये. टायर हाताने वाकवून पाहा. कडेला चिरा असतील, तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बदला. ब्रेकच्या रबरात नख रुतत नसेल, तर ते रबर वाळून कडक झाले आहे. जुन्या सायकलींच्या रिमला क्रोमचा मुलामा असतो. असे रिम पावसात ओले झाले की चांगले रबरही नीट धरत नाही. पावसात ती सायकल काढायचीच नाही, हा नियम घरात सर्वांसमोर ठरवा.

काही घरांत खाली वळलेल्या हँडलची परदेशी शर्यतीची सायकल असते. मुंबई-पुणे शर्यतीच्या आठवणी सांगणारे काका अशी सायकल फार जपतात. तिचे हँडल आणि त्याला धरणारा गळा बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. पोलाद तुटण्यापूर्वी अनेकदा वाकते आणि इशारा देते. अ‍ॅल्युमिनियमवर वर्षानुवर्षे ताण साचत जातो आणि एके दिवशी ते अचानक तुटते. हँडल हातात घेऊन स्वार पुढे पडतो, तेव्हा चेहरा आणि मनगट यांना प्रथम मार बसतो. त्यामुळे रोज चालवायची असेल, तर हे दोन्ही भाग सुस्थितीत दिसले तरी नवे घालावेत आणि जुने आठवण म्हणून भिंतीवर लावावेत. अशा सायकलीत पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे, हेही आधी पाहा. परदेशी बनावटीत बाजू आपल्या सवयीच्या उलट असू शकते.

शेवटी स्पर्शन. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हँडलपाशी ठोका जाणवला, तर छर्रे किंवा त्यांच्या वाट्या झिजल्या आहेत. चाक उचलून आडवे हलवा; ते लटलट करू नये. आऱ्याच्या तारा एकेक बोटाने छेडा. एखादी मुकी वाजली, तर ती सैल आहे. पायडलांच्या दांड्या आडव्या करून दोन्हींवर हाताने वजन द्या, मग अर्धा फेरा फिरवून पुन्हा द्या. ‘टक्’ असा आवाज आला, तर कॉटर पिन सैल आहे. ती नट आवळून बसत नाही. दाबून किंवा दांडीखाली भक्कम आधार देऊन ठोकून बसवावी लागते आणि नट नंतर आवळायचा असतो. डावे पायडल काढताना ध्यानात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात. उलट्या दिशेने जोर लावून अनेकांनी ते खराब केले आहेत. हँडलचा गळा नळीत किमान अडीच इंच आत असावा. साखळीच्या बारा इंचांच्या मापात एक अष्टमांश इंच किंवा अधिक वाढ दिसली, तर साखळी बदलावी. ब्रेकच्या तारा आणि सळ्या जेथे वळतात तेथे बोट फिरवा. एक धागा जरी तुटून टोचला, तरी ती तार निकामी समजा.

या यादीतील चिमटा, सांधे आणि पायडलांचा आस यांविषयी शंका राहिली, तर अनुभवी मिस्त्रींना दाखवा. त्यांना ‘चकाचक करून द्या’ असे न सांगता ‘काय काय बदलायला हवे ते सांगा’ असे विचारा.

दुरुस्ती करताना

सायकल चालवणे दूरच राहिले, नुसती दुरुस्ती करतानाही काही काळजी घ्यावी लागते. जुन्या तैलरंगांत शिसे असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर मर्यादा घालणारा नियम २०१७ च्या अखेरीस लागू झाला. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पॉलिश पेपर ओला करून घासावा, तोंडाला चांगला मास्क असावा, गाळ जुन्या कागदात गुंडाळून टाकावा आणि लहान नातवंडे त्या जागी नसावीत. काम झाल्यावर हात साबणाने धुऊन मगच चहाचा कप उचलावा.

छर्रे धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल घ्याल, तर ते पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. चुकून प्यायल्याने फुप्फुसांना गंभीर इजा झालेली मुले प्रत्येक डॉक्टरने पाहिली आहेत. असे कधी घडलेच, तर उलटी करवू नका. थेट रुग्णालय गाठा. गंजक्या कडेने जखम झाल्यास ती वाहत्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हे डॉक्टरांना सांगा. मधुमेह असणाऱ्यांनी बंद बूट घालूनच काम करावे. जमिनीवर पडलेल्या तारेचा तुकडा पायाला टोचला, तर त्यांना तो जाणवेलच असे नाही.

स्वाराची तपासणी

आता मुख्य प्रश्न. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला पंधरा सेकंदांहून अधिक लागतात का? भिंतीजवळ, कोणी शेजारी असताना, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? दांडा असलेल्या सायकलवरून उतरताना शरीराचा सारा भार काही क्षण एकाच पायावर असतो, म्हणून ही चाचणी. मान वळवून मागे पाहताना तोल जातो का? ब्रेक पूर्ण दाबण्याइतकी बोटांत ताकद आहे का? बसून आणि नंतर उभे राहून एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजावा; वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक खाली येत असेल, तर आधी औषधांचा फेरविचार व्हायला हवा. मोतीबिंदू आणि कमी ऐकू येणे यांची तपासणीही याच वेळी उरकावी.

इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर मोजावी आणि खिशात ग्लुकोज ठेवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डोक्याला बसलेला लहानसा मारही डॉक्टरांना दाखवावा. त्यानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, डोके दुखणे, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा एका बाजूची अशक्तता दिसली, तर रात्रीची वेळ असली तरी थांबू नये. हेल्मेट सर्वांनीच घालावे. फिट येणे, कारण न कळता शुद्ध हरपणे किंवा रस्ता विसरणे ही लक्षणे असणाऱ्यांना मी रस्त्यावर सायकल चालवण्याची परवानगी देत नाही.

ज्यांना परवानगी मिळते, त्यांनी सीट सुरुवातीला इतके खाली ठेवावे की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतील. दांडा ओलांडणे जड जात असेल, तर लेडीज सायकल घेण्यात कमीपणा नाही. सायकल चालवल्याने हृदयाला, स्नायूंना आणि दुखऱ्या गुडघ्यांनाही लाभ होतो. परंतु हाडांवर शरीराचा भार पडत नसल्यामुळे हाडांच्या बळकटीसाठी चालण्याचा व्यायाम सोडू नये.

आणि ज्यांना परवानगी मिळत नाही, त्यांचे काय? येथे कुटुंबाची खरी कसोटी आहे. पत्नी गेल्यानंतर गप्प झालेले एक निवृत्त फिटर मला ठाऊक आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाचे ठोके अनियमित, रक्त पातळ करणारी गोळी चालू, तोल जाण्याची तक्रार. मी त्यांना रस्ता वर्ज्य केला. त्यांनी सायकल मात्र पूर्ण उघडली, छर्रे मोजून डब्यांत ठेवले, चार महिने ती जुळवत बसले. त्या निमित्ताने बोटांना काम मिळाले, मिस्त्रीशी बोलणे सुरू झाले, भूक लागू लागली. आता ती सायकल त्यांची नात महाविद्यालयात नेते आणि दर रविवारी हवा, तेल, ब्रेक यांची तपासणी ते स्वतः करतात. ‘तुम्ही चालवू नका’ असे सांगणे आवश्यक असते, तेव्हाही ‘तुम्ही हात लावू नका’ असे सांगण्याची गरज नसते.

म्हणून सूनबाई, बाजू कोणाचीच घेऊ नका. सासरे आणि नातू यांना अंगणात एकत्र बसवा, वरील यादी हातात द्या आणि सासऱ्यांना घेऊन आपल्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. दोन्ही तपासण्या पार पडल्या, तर पहिली स्वारी दहा मिनिटांची, सकाळी उजाडल्यावर, सपाट आणि मोकळ्या जागी, कोणीतरी बरोबर असताना करावी. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर कॉटर पिन, हँडल आणि चाकांचे नट पुन्हा आवळावेत. नवे बसवलेले भाग या काळात सैल होतात. स्वाराची फेरतपासणी दर सहा महिन्यांनी, तसेच कोणतेही औषध बदलल्यावर लगेच करावी. या दोन्ही तारखा घरातील दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवा.