पट कुठला, हजेरी कुठली?

दिवाळी उलटली की सोमेश्वरनगरच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. बीड जिल्ह्यातून, पाथर्डीकडून उचल घेतलेल्या टोळ्या येतात आणि तळावर कोप्या उभ्या राहतात. कॉलेजला जाता-येता आपण हे रोज पाहतो. चालत्या गाडीतला ऊस उपसण्यातही आपण पटाईत! पण त्या कोप्यांत मुले किती, हे कुणी मोजले आहे का?

कारखान्याचा हिशेब कोयत्यावर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरे त्यात धरलेली नसतात. शाळेचा हिशेब चालतो पटावर. तिथे नाव गावाकडच्या शाळेत आणि मूल उसाच्या फडात.

नव्वदच्या दशकात यासाठी साखरशाळा निघाल्या. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि ही मुले जवळच्या नियमित शाळेतच बसावीत असे धोरण ठरले. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. वेगळी शाळा म्हणजे शेवटी वेगळी पंगतच! परंतु आईबाप पहाटे तीन-चारला फडावर गेल्यावर या मुलांना उठवून, आवरून शाळेत धाडायचे कुणी? म्हणूनच आपल्याकडची ‘कोपीवरची शाळा’ मला मोलाची वाटते. तिथे शाळाच मुलांच्या दाराशी जाते.

अशा वर्गात कोण बसते ते मात्र नीट पाहावे. पहिली-दुसरीची पोरे पुष्कळ, पाचवीनंतर सारे विरळ. बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधू लागतो, गाडी हाकतो. त्याच वयाची मुलगी आलीच तर कडेवर भावंड घेऊन येते. ते रडले की तिचा तास संपला. तिला पाटी देण्याआधी त्या भावंडासाठी पाळणाघर द्यायला हवे. ‘मुलींची गळती’ या भारदस्त शब्दामागे पुष्कळदा एवढीच गोष्ट असते.

स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी पत्र देण्याची सोय सरकारने केलेली आहे. पण पत्र लिहायचे तर आधी मूल सापडले पाहिजे. दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण झाडलेलेच रस्ते पुन्हा झाडतो. यंदा एक दिवस वह्या घेऊन तळावर जाऊ या. प्रत्येक कोपीत मुलाचे नाव, वय, इयत्ता, गावाकडची शाळा विचारू आणि यादी इथल्या मुख्याध्यापकांच्या हाती देऊ. जायचे ते डिसेंबरातच. कारखान्याचा पट्टा पडला की दोन दिवसांत तळ रिकामा होतो.