फौजी डोके म्हणून सोडून देऊ नका

बेळगाव-खानापूरकडील आपल्या गावांतून पुष्कळ तरुण फौजेत गेले. 1971 च्या लढाईत विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. 1987 साली श्रीलंकेत गेलेल्यांनीही साठी ओलांडली. यांतला एखादा रात्री दचकून उठतो, माणसांत मिसळत नाही, भातातली रानडुकरे हाकलायला कोणी फटाका वाजवला की भिंतीला चिकटतो. आणि आपण मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर हसून म्हणतो, "फौजी डोके आहे, सोडून द्या." हे बोलणे मला मुळीच पटत नाही.

लढाईचा धसका मनात वर्षानुवर्षे राहू शकतो. नोकरी, शेती, मुलांची लग्ने या रगाड्यात तो दबतो आणि हातातले काम सुटले की वर येतो. हा भित्रेपणा नव्हे, आजार आहे, व त्यावर उपचार आहेत.

विसराळूपणाचेही तसेच. पूर्वी डोक्याला जबर मार बसलेल्यांना उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक, हे खरे. पण ब-12 जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉईड बिघडले तरी माणूस गोंधळतो. तोफांनी कान गेलेल्याला तर आपण उगाच वेडा ठरवतो! म्हातारा माणूस बांधावरून घसरला, डोके आपटले, त्या दिवशी काही वाटले नाही. पण काही आठवड्यांनी बोलणे अडखळले, चाल बिघडली, तर कवटीखाली रक्त हळूहळू साचलेले असू शकते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर असा माणूस पुष्कळदा बरा होतो. तेथे वयाला दोष देत बसू नये.

कँटीनच्या रमविषयीही सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली घरच्यांनी रागाने एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत कंप, झटके, भ्रम होऊन जिवावर बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडवावी. आणि मन खचलेल्याच्या घरात कीटकनाशक कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याने सांभाळावी.

माजी सैनिक पेन्शनरांसाठी 2003 पासून ई.सी.एच.एस. योजना आहे, पत्नीलाही तिचा लाभ मिळतो. धारवाडला मेंदू व मनाच्या विकारांची सरकारी संस्था आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र फुकट सल्ला मिळतो. मात्र म्हाताऱ्याला एकट्याला बसमध्ये बसवून पाठवू नका. डॉक्टरांसमोर तो "सब ठीक" म्हणेल. रात्री काय होते ते त्याची बायकोच सांगू शकेल.