भिंत गावाची, चित्र कोणाचे? अजिंठा, फैजपूर आणि उद्याचा नरडाणा

#थ्रेड

१/
शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे मुंबई–आग्रा महामार्गावरचे आणि सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे गाव. जवळच औद्योगिक वसाहत आहे. धुळ्याच्या बाजूने येणारा बोरविहीर–नरडाणा हा नवा लोहमार्गही येथेच येऊन मिळणार आहे. रस्ते, रूळ आणि कारखाने वाढले की भिंतीही वाढतात : कुंपणाच्या, पुलाखालच्या, शाळेच्या, स्थानकाच्या. या भिंतींवर उद्या काय रंगवले जाईल आणि ते कोण ठरवील, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याला मोठा इतिहास आहे आणि त्यातील काही महत्त्वाची पाने खानदेशाच्याच मातीत लिहिली गेली आहेत.

२/
आधी आजची स्थिती. 2014 नंतर स्वच्छतेच्या मोहिमा आणि त्यांतील गुणांकन यांमुळे महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांच्या भिंती झपाट्याने रंगल्या. झाड वाचवा, पाणी जिरवा, मुलगी शिकवा, कचरा वेगळा करा. हेतू उत्तम. मात्र हे काम बहुधा चौरस फुटाच्या दराने दिले जाते, विषय वरून ठरून येतो आणि चित्राचा नमुना मोबाइलमध्ये तयार असतो. परिणामी कोकणातले गाव आणि खानदेशातले गाव यांच्या भिंती एकसारख्याच बोलू लागल्या आहेत.

३/
अशा चित्रांना सर्रास ‘लोकसहभागातून साकारलेले भित्तिचित्र’ म्हटले जाते. येथेच थोडे थांबायला हवे. चित्र गावात आहे म्हणून ते गावाचे ठरते का? भारतातील भित्तिचित्रांची परंपरा या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे देते. गावाचे चित्र ओळखण्याच्या तिच्या कसोट्या वेगळ्या आहेत : ते कोणाच्या हाताने, कोणत्या मातीने, कोणत्या निमित्ताने झाले; ते कोणाला वाचता येते; आणि ते पुसण्याचा अधिकार कोणाचा आहे.

४/
प्रारंभ अजिंठ्यापासून करू. खानदेशाच्या दक्षिण सीमेवर, जळगावहून जेमतेम दोन तासांच्या अंतरावर ही लेणी आहेत. तेथील चित्रांखाली मातीचा गिलावा आहे : माती, वाळू, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू यांचा थर, त्यावर बारीक मातीचा हात आणि शेवटी चुन्याची पातळ सफेदी. खानदेशातील धाब्याच्या घरांच्या भिंती ज्यांनी लिंपलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना ही कृती अनोळखी वाटणार नाही. जगप्रसिद्ध कलेचा पाया घरातल्या लिंपणाच्या ज्ञानावर उभा आहे.

५/
अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे कोठेही नाहीत, दात्यांची आहेत. 16 व्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव आपले दान नोंदवतो. 9 व्या आणि 10 व्या लेण्यांत मात्र सामान्य भिक्षूंनी करवून घेतलेल्या बुद्धप्रतिमाही आहेत, त्यांच्या दानाच्या ओळींसह. भिंत मंत्र्याची होती तशी भिक्षूचीही होती. याच 10 व्या लेण्यात 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने चित्रित स्तंभावर स्वतःचे नाव कोरले. दान देऊन नाव लिहिणे आणि नुसते येऊन नाव कोरणे, यांतला भेद त्या एका लेण्यात शेजारी शेजारी पाहायला मिळतो.

६/
आता घरांच्या भिंतींकडे वळू. पालघर–ठाण्याकडील वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर ‘चौक’ लिहिला जातो. सुवासिनी तांदळाच्या पिठाने तो लिहितात; मध्यभागी पालघट देवी असते आणि धवलेरी गीते गाते. चौकाशिवाय लग्न पुरे होत नाही. म्हणजे हे चित्र सजावट नसून विधीचा भाग आहे. लग्न पार पडले की ते हळूहळू धुराने काळवंडते, झिजते, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा नवे लिहिले जाते.

७/
1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून वारली चित्र कागदावर आले आणि जिव्या सोमा म्हसे (निधन 2018, पद्मश्री 2011) यांच्यामुळे ते जगभर पोहोचले. हे घडणे मोलाचेच होते. पुढे मात्र तारपा नृत्याचे ते वर्तुळ ‘ग्रामीण’ या शब्दाची सरकारी खूण होऊन बसले. आज शाळा, बसस्थानक, उड्डाणपूल, स्वच्छतागृह, सगळीकडे तीच त्रिकोणी माणसे साच्यातून उतरतात. चौक लिहिणाऱ्या स्त्रिया या प्रवासात कुठेच दिसत नाहीत. एका समाजाची भाषा उचलून दुसऱ्या गावाच्या तोंडी घातली जाते. त्यात मान ना पहिल्याचा राहतो, ना दुसऱ्याचा.

८/
खानदेशाच्या उत्तरेला सातपुडा आहे. त्याच्या पश्चिम अंगाला, छोटा उदेपूर–अलीराजपूरच्या भागात, राठवा समाज पिठोरा लिहितो. नवस फेडण्यासाठी घरधनी लखाऱ्याला, म्हणजे पिठोरा लिहिणाऱ्याला, बोलावतो. भिंत सारवून पांढरी केली जाते. रंगांत दूध आणि मोहाची दारू मिसळतात. पण सर्वांत विलक्षण गोष्ट नंतर घडते. चित्र पूर्ण झाल्यावर बडवा, म्हणजे पुजारी, अंगात आलेल्या अवस्थेत भिंतीवरचा एकेक घोडा, एकेक देव ओळखतो. काही राहिले असेल तर ते भरून घ्यावे लागते. जमलेल्यांसमोर वाचले जाईपर्यंत चित्र पूर्ण मानले जात नाही.

९/
निविदेच्या चित्रात नेमकी ही पायरी गळून पडते. तेथे चित्र तपासतो तो देयक मंजूर करणारा अधिकारी. तो चौरस फूट मोजतो. गावाने चित्र वाचण्याची, नाकारण्याची, ‘येथे अमुक राहिले’ असे म्हणण्याची जागा शिल्लकच ठेवलेली नसते. दोष चित्रकाराचा नाही. फ्लेक्सच्या छपाईने दुकानांच्या पाट्यांचे काम हिरावून घेतल्यावर गावोगावच्या पेंटरला हेच काम उरले आहे आणि त्याच्या हातातले कसब खरे आहे. त्याला कोणी विषय विचारत नाही, इतकेच.

१०/
मग आधुनिक काळात वेगळे काही घडू शकते का? 1936 साली ते खानदेशात घडून गेले आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. पंडित नेहरू अध्यक्ष, शंकरराव देव स्वागताध्यक्ष. खेडेगावात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगराची सजावट खेड्यात मिळणाऱ्या सामग्रीतूनच आणि खेड्यातल्या हातांनीच व्हावी, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यांनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले.

११/
आपण चित्रकार, नगररचना कशी जमणार, असा नंदलालबाबूंना संकोच होता. तरीही ते आले. बांबू, गवत आणि स्थानिक कारागिरांचे कसब यांतून प्रवेशद्वारे आणि मंडप उभे राहिले. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलांनी ओढायचा रथ सजला. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या रचनेचे श्रेय वास्तुरचनाकार म्हात्रे आणि नंदलाल बोस यांना जाहीरपणे दिले. बांबू आणि गवत सभ्यतेच्या खालच्या पायरीवरचे आहेत, हा समज फैजपुरात मोडला.

१२/
येथे एक धागा जुळतो. हेच नंदलाल बोस 1909 ते 1911 च्या सुमारास तरुणपणी लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूबरोबर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्यासाठी आले होते. तुसाच्या गिलाव्यावरची ती चित्रे त्यांनी दिव्यांच्या उजेडात रेघ रेघ उतरवली. पाव शतकानंतर ते त्याच टापूत परतले, तेव्हा अजिंठ्याची नक्कल त्यांनी फैजपूरच्या माथी मारली नाही. अजिंठ्याकडून घ्यायची होती ती पद्धत : जवळची माती, जवळचे हात.

१३/
पुढची पायरी 1938 च्या फेब्रुवारीत दिसते. हरिपुरा हे गुजरातेतले तापीकाठचे गाव. नरडाण्याच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या याच नदीच्या खालच्या अंगाला. तेथील अधिवेशनासाठी नंदलाल आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे 400 फलक रंगवले. त्यांतील 80 हून अधिक स्वतः नंदलालांचे. हातकागद, मातीचे रंग, ठसठशीत रेषा. विषय कोणते? ढोलकी वाजवणारा, चांभार, सुतार, मल्ल, दळण दळणारी बाई. पुढाऱ्यांच्या सभेला येणाऱ्या शेतकऱ्याला प्रवेशद्वारावर स्वतःसारखाच माणूस भेटत होता.

१४/
यावर एक आक्षेप योग्य ठरेल. फैजपूर किंवा हरिपुरा येथेही विषय गावाने ठरवला नव्हता. कल्पना गांधीजींची आणि चित्रकार बंगालचा. हे खरे आहे आणि त्या प्रयोगाची ती मर्यादा होती. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. बाहेरचा कलावंत ही अडचण नसतेच. त्याला गावाची सामग्री, गावाचे कसब आणि गावाचा माणूस दिसतो का, एवढाच प्रश्न असतो. उरलेली पायरी, म्हणजे गावाने विषय ठरवण्याची, 1936 मध्ये राहून गेली. ती चढण्याचे काम आजच्या पिढीचे आहे.

१५/
ती पायरी जगात इतरत्र चढली गेली आहे. 1967 च्या उन्हाळ्यात शिकागोच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय कलावंतांनी एका जुन्या इमारतीवर ‘आदराची भिंत’ रंगवली. कोणाच्या प्रतिमा काढायच्या, याची चर्चा वस्तीतील लोकांशी झाली. 1971 मध्ये इमारतीला आग लागली आणि पुढे ती पाडली गेली. भिंत जेमतेम चार वर्षे टिकली. तरीही अमेरिकेतील सामुदायिक भित्तिचित्रांच्या चळवळीचा उगम तिच्यापाशी मानला जातो, कारण त्या भिंतीपुढे वस्ती एकत्र आली होती.

१६/
आता दुसरा, अधिक कठीण आक्षेप. गावाला विचारले तर भांडण होईल. कोणत्या समाजाचा महापुरुष घ्यायचा, कोणाचा मोठा, कोणाचा मध्यभागी? ही भीती खोटी नाही. निविदेची चित्रे इतकी गुळमुळीत असतात त्याचे खरे कारण हेच : झाडावर आणि पाण्याच्या थेंबावर कोणी हरकत घेत नाही. पण वाद टाळण्यासाठी गावाची स्मृतीच टाळणे, ही फार मोठी किंमत आहे.

१७/
नरडाण्याच्याच तालुक्यातले उदाहरण घ्या. 1944 च्या एप्रिलमध्ये चिमठाणे येथे क्रांतिकारकांनी इंग्रजांचा सरकारी खजिना लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते आणि खानदेशातील त्यांचे सहकारी यात एकत्र आले होते. या परिसरातील मुलांना शाळेच्या भिंतीवर ही घटना दिसायला नको का? तिच्या शेजारी कानबाईचा उत्सव, आखाजीचे झोके, अहिराणीतले शब्द, रेल्वेचे गँगमन, कारखान्यात पाळीने जाणारे मजूर, भिल्ल वस्तीतील माणसे का नकोत? यांतले काय घ्यायचे, हे ठरवण्यासाठी व्यासपीठ नव्याने शोधावे लागत नाही. ग्रामसभा वर्षातून अनेकदा भरते. तिच्या विषयपत्रिकेत भिंतीला एक ओळ मिळावी.

१८/
आणि वाद झालाच, तर भिंतीकडे त्याचे उत्तर आहे. पुतळा एकदा उभा राहिला की हलवता येत नाही; भिंतीवर मात्र चुना फिरवता येतो. चौक दर लग्नाला नवा होतो, पिठोरा नव्या नवसाला नवा होतो, घरेही सणासुदीला पोतारून नवी होतात. तसेच गावाच्या भिंतीचेही व्हावे : दोन-तीन वर्षांनी पुसावी, पुन्हा सभा घ्यावी, या वेळी राहिलेल्यांना जागा द्यावी. ज्याचे चित्र आज आले नाही, त्याची पाळी पुढे येईल, हा विश्वास हेच या कलेचे खरे बंधन. भिंतीची लोकशाही तिच्या टिकण्यात नाही, पुन्हा लिहिता येण्यात आहे.

१९/
म्हणून मागणी साधी आहे. रंगाच्या निविदेआधी ग्रामसभेत विषय ठरावा. काम गावातल्या किंवा तालुक्यातल्या पेंटरला मिळावे, गरज वाटल्यास बाहेरच्या कलावंताचे मार्गदर्शन घ्यावे. सारवणाचे आणि चौकाचे ज्ञान ज्या स्त्रियांकडे आहे, त्यांना मजूर म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून बोलवावे. चित्र झाल्यावर गावासमोर ते एकदा मोठ्याने वाचले जावे आणि चुकले असेल ते तिथेच दुरुस्त व्हावे. देयकाचा कागद त्यानंतर पुढे जावा.

२०/
नरडाण्याला नव्या लोहमार्गाबरोबर नव्या भिंती मिळतील. त्यांच्यावर तारपा नाचवणारी साच्यातली माणसे येतील की शिंदखेडा तालुक्याची माणसे, हे अजून ठरलेले नाही. ठरायच्या आत बोलायला हवे. वाचकांपैकी जे अशाच एखाद्या लहान गावचे असतील, त्यांनी पुढच्या ग्रामसभेला जाऊन एवढेच विचारावे : शाळेच्या भिंतीवरचे चित्र कोणी ठरवले?

#खानदेश #भित्तिचित्रे #इतिहास